येळवशीचे पाव्हणे

सौदामिनी उमरीकर बाईंना लातुरात येऊन एकवीस वर्षं झाली, तरी गल्लीतले लोक त्यांना 'नांदेडच्या बाई'च म्हणायचे. आणि सुट्टीत त्या नांदेडला भावाकडे गेल्या की भावजय शेजारणीला सांगायची, "लातूरच्या वन्सं आल्यात." म्हणजे बघा, दोन्ही गावांनी मिळून बाईंना मधल्याच कुठल्यातरी स्टँडवर उतरवून ठेवलं होतं. नांदेडच्या घरात पूर्वी त्यांची एक खोली होती. भाचा वरद दहावीला आला तेव्हा त्या खोलीत त्याचं टेबल आलं, मग कॉम्प्युटर आला, आणि बाईंची गादी कोठीच्या खोलीत गेली. कुणी वाईट वागलं नाही हो. उलट भावजय आग्रह करकरून वाढायची. पण तो पाहुण्याला करतात तसला आग्रह होता, आणि बाईंना ते समजायचं.

लग्नाचं म्हणाल, तर एकदा ठरत आलं होतं. तेवढ्यात वडील अंथरुणाला खिळले, धाकट्या भावाचं शिक्षण राहिलं होतं, आणि मुलाकडचे किती दिवस थांबणार? त्यांनी दुसरीकडे उरकून टाकलं. मग लातूरच्या सरकारी कॉलेजात गणिताची नोकरी लागली. बाईंनी एक स्टोव्ह, दोन ताटं आणि पुस्तकांची ट्रंक घेतली आणि घरमालकीण गंगम्मांच्या माडीवर बिऱ्हाड केलं. दुसरं ताट कुणासाठी घेतलं होतं, कोण जाणे.

नव्वदनंतर लातूरला वेगळंच वारं लागलं. बारावीच्या मार्कांसाठी कुठून कुठून पोरं येऊ लागली. घरमालकांनी न्हाणीघर सोडून बाकी सगळं भाड्यानं लावलं. जिथं काल पिठाची गिरणी होती तिथं आज फिजिक्स! भिंतीभिंतीवर डॉक्टरकीला नंबर लागलेल्या पोरांचे फोटो. बाईंचाच जुना विद्यार्थी रामलिंग, त्याचा तर तीन मजली क्लास झाला. तो एकदा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं या. नुस्तं शिकवा. फळा पुसायलासुद्धा माणूस देतो तुम्हाला."

"आणि माझी पोरं?" बाईंनी विचारलं.

"कोणती पोरं, मॅडम?" रामलिंगनं विचारलं. थट्टा नव्हे, त्याला खरंच सुचेना की बाईंची पोरं म्हणजे कोण.

बाईंची पोरं म्हणजे राहिलेली पोरं. ज्यांचा नंबर कुठंच लागला नाही, ज्यांना क्लास परवडला नाही, ती बीएस्सीला यायची. लोक म्हणायचेही तसंच, "पोराला डिग्रीला टाकलं." टाकलं! जसं काही जुनं पायताण टाकावं. पहिल्या वर्षाला वर्ग गच्च भरायचा आणि गणिताचा निकाल लागला की दुसऱ्या वर्षाला बाकं मोकळी पडायची. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सगळे म्हणायचे, पोरंच कच्ची, आपण काय करणार. बाईसुद्धा तसंच म्हणायच्या. खोटं कशाला बोला?

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते, ते कित्येक उठलेच नाहीत. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा बाईंनी हजेरी घेतली आणि दोन नावांना उत्तर आलं नाही. वर्गात कुणी वर बघेना. त्यानंतर काही दिवसांनी औशाकडचा एक पोरगा, आईबापासकट पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा, स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, मला अपूर्णांक येत न्हाईत."

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, आणि अपूर्णांक येत नाहीत! दुसरी वेळ असती तर बाई कडाडल्या असत्या. पण ज्या पोराचं घर गेलं, गाव गेलं, त्याला अजून या एका गोष्टीची लाज वाटते आहे, हे बघून त्यांनी त्याला आत बोलावून बसवलं. त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला येत नाहीत?" तो म्हणाला, "लई जनाला. पर सांगत न्हाईत."

तिथून सकाळचा वर्ग सुरू झाला. गावाकडची पहिली एसटी साडेसातला स्टँडला लागायची, म्हणून वर्ग आठला. फी नाही, परीक्षा नाही. अपूर्णांकापासून सुरुवात. पुस्तकातले इंग्रजी शब्द आधी मराठीत, मग गावच्या बोलीत, मग पुन्हा इंग्रजीत. कुणी काहीही विचारावं, हसायचं नाही. दोन-तीन वर्षांत पहिल्या वर्षाला नापास होणारे निम्म्यावर आले. स्टाफरूममध्ये कौतुक झालं का? छे! एकजण म्हणाले, "बाईंना घरी काम तरी काय आहे?" बाई हसल्या आणि चहाचा कप घेऊन खिडकीपाशी गेल्या. बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या वर्गाशिवाय त्यांना सकाळी उठायला दुसरं कारण नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. मग दोन हजार साल उजाडायच्या बेतात कॉलेजात एक बातमी आली. पदवीची पोरं पहिल्याच वर्षी का गळतात, यावर सरकारनं समिती नेमली होती. कुठल्या कॉलेजात काही वेगळं चाललं असेल तर समिती स्वतः येऊन बघणार होती. जे पटेल ते सगळ्या सरकारी कॉलेजांच्या वेळापत्रकात घालणार, त्याला माणूस आणि पैसा देणार. आणि नाही पटलं तर? प्राचार्य चन्नबसप्पा निटुरे यांनी बाईंना बोलावून सरळच सांगितलं.

"बाई, जूनपासून ती खोली कॉम्प्युटर कोर्सला द्या म्हणून वरून तगादा चालू हाय. आतापर्यंत मी टाळलं. समितीनं शिक्कामोर्तब केलं तर वर्ग राहील. न्हाई तर माझा बी इलाज न्हाई."

"कधी येणार समिती?"

निटुरे सरांनी डोकं खाजवलं. "तीच तर पंचाईत. गुरुवारी. येळवशीला."

आता येळवस म्हणजे काय ते सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावास्या, पंचांगात वेळा अमावास्या, आमच्या तोंडात येळवस. त्या दिवशी लातूर गावात कुत्रं सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोपटीसारखी कोप उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग पंगत. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. गंगम्मा पहिली पाच-सहा वर्षं माडीचा जिना चढून बाईंना बोलवायला यायच्या. बाई म्हणायच्या, "पुढच्या वर्षी नक्की." लोकांच्या शेतात जाऊन आपण करायचं काय, बसायचं कुठं, बोलायचं काय, असा त्यांना संकोच. मग गंगम्मांचे गुडघे धरले आणि बोलावणं थांबलं. दरवर्षी येळवशीला बाई बंद गल्लीत एकट्या असायच्या, आणि त्या दिवशी त्यांना चुकूनही आपण नांदेडला असतो तर बरं, असं वाटायचं नाही. तिथं तरी कोण वाट बघत होतं?

"तारीख बदलून मागू का?" सरांनी विचारलं.

बाईंनी नको म्हटलं. शुक्रवारी समिती नांदेडला जाणार होती. तारीख बदलायला गेलो आणि लातूरच गाळलं तर? हातातोंडाशी आलेला घास जायचा. त्या म्हणाल्या, "माझी पोरं येतील, सर."

बुधवारी त्यांनी वर्गात निक्षून सांगितलं. उद्या साहेब लोक येणार आहेत, साडेदहाला. हा वर्ग चालू राहणार का बंद होणार, ते उद्यावर आहे. येळवस आहे हे मला माहीत आहे, तरी यायचं. सगळ्यांनी मान हलवली. निलंग्याकडची ऋतुजा, वर्गातली सगळ्यात धीट, तिनं विचारलं, "किती साहेब हायेत, मॅडम?"

"तीन. का गं?"

"न्हाई, असंच," ती म्हणाली आणि शेजारच्या बाकावरच्या संगप्पाकडं बघून हसली. बाईंना वाटलं, पोरं खुशीत आहेत. बरं वाटलं त्यांना.

गुरुवारी साडेदहाला गाडी फाटकातून आत आली. अगदी साडेदहाला! सरकारी साहेब वेळेवर आला, असं त्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. निटुरे सरांनी तिघांना हार घातले, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, आणि "शेतात नैवेद्य खोळंबलाय" म्हणून हात जोडून निघून गेले. शिपाई रजेवर. बाईंनी स्वतःच खोली उघडली. पहाटेच येऊन झाडून ठेवली होती, फळ्यावर उदाहरण लिहून ठेवलं होतं. बाकं रिकामी.

"विद्यार्थी?" अध्यक्षांनी विचारलं. पुण्याकडचे किडकिडीत गृहस्थ, बोलणं मऊ.

"येताहेत. गाड्यांचा आज जरा घोळ आहे."

अकरा वाजले. साडेअकरा झाले. बाई चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जी एसटी दिसे ती गावाबाहेर चाललेली, लोकांनी खच्चून भरलेली, मडकी मांडीवर घेतलेल्या बायका खिडकीत. शेवटी बाईंनी येळवस म्हणजे काय ते समितीला समजावून सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तुम्ही तारीख बदलून का मागितली नाही?"

बाईंनी कपाटातून फाइल काढली. त्यांनी निकाल दाखवले, आकडे सांगितले, सहा वर्षांची हकिगत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आकडे आम्हाला सगळीकडे दाखवतात. आम्ही मुलं बघायला आलो होतो. ज्या वर्गाची मुलांना गरज आहे, त्याला एक तरी मूल हजर असतं ना?"

काय चुकीचं बोलले ते? काहीच नाही. हेच तर दुखणं होतं. दुसऱ्या साहेबांना डायबिटीस, त्यांना काहीतरी खायला हवं होतं, आणि लातुरात त्या दिवशी चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. ड्रायव्हर सगळीकडे फिरून हात हलवत परत आला. बाई म्हणाल्या, "माझ्या घरी चला, मी भात टाकते." म्हणाल्या खऱ्या, पण घरी दोनच ताटं आहेत हे त्याच क्षणी आठवलं. अध्यक्षांनी आभार मानून नको म्हटलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. साडेबाराच्या सुमाराला गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली.

बाई वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसल्या, पोरं बसतात तिथं. घरी जायचं होतं, पण उठवेना.

दीडच्या सुमाराला बाहेर टेम्पोचा आवाज आला. मग हसण्याचा, मग भांड्यांचा. दारातून आधी संगप्पा आला, दोन्ही हातांत डबे. मागून ऋतुजा, नवीकोरी साडी, डोक्यावर आंबिलीचं मडकं आणि त्यावर रुमाल. तिच्या मागं सगळा वर्ग. बावीस पोरं! घामाघूम, कपाळाला भंडारा, चपलांना काळी माती. कुणाकडं भज्जी, कुणाकडं उंडे, कुणाकडं खीर, एकाकडं नुसत्या पत्रावळी.

"साहेब लोक कुठं बसवलेत, मॅडम?" संगप्पानं विचारलं. "पंगत हितंच मांडावी का व्हरांड्यात?"

बाई उठल्या. "गेले ते."

"कुठं गेले?"

"निघून गेले नांदेडला! साडेदहाला आले होते. मी साडेदहा सांगितलं होतं! दोनदा सांगितलं होतं!"

संगप्पाचं तोंड उघडंच राहिलं. "खरंच साडेधाला आले? मॅडम, साहेब साडेधा म्हनले की दोनला येतेत. भूकंपानंतर पत्रे वाटायला येनार हुते तवा आमी दोन दिवस बसून हुतो." आणि मग घाईघाईनं सगळी एकदम बोलू लागली. नैवेद्याआधी शेतातून निघता येत नाही. शहराकडं यायला गाडीच नव्हती. शेवटी ऋतुजाच्या चुलत्यानं टेम्पो काढला, त्यानं गावोगाव फिरून एकेकाला गोळा केलं. येळवशीला पाव्हणे येणार, आणि त्यांच्यापुढं हात हलवत जायचं? बुधवारी वर्ग सुटल्या सुटल्या कुणी काय आणायचं ते ठरवलं होतं. मॅडमना मुद्दाम सांगितलं नव्हतं.

हे सगळं ऐकून बाईंनी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला-मला कळतं. त्यांनाही रात्री कळलं. पण सकाळपासूनचा उपास, तो रिकामा रस्ता, तो मऊ आवाजातला प्रश्न, सगळं एकदम वर आलं.

"तुमच्या या जेवणापायी वर्ग गेला," त्या म्हणाल्या. "बंद झाला. जूनपासून ही खोली आपली नाही. समजलं? भज्जीपायी!"

ऋतुजानं डोक्यावरचं मडकं सावकाश उतरवलं आणि टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण ती बोलली.

"साहेब लोकांचं निमित्त हुतं, मॅडम. तुमाला शेत न्हाई म्हनून आनलं हुतं. गंगम्मा माझ्या मावशीच्या सासू लागतेत. त्या म्हनल्या, बाई येळवशीला दार लावून बसत्यात."

बाईंना काहीतरी बोलायचं होतं. बस गं, जेवून जा, असं. पण तेवढ्यात पोरं पाठ फिरवून निघालीसुद्धा. डबे तसेच बाकांवर राहिले. टेम्पो सुरू झाला, पण येतानाचं हसणं जाताना नव्हतं.

मग त्या रिकाम्या वर्गात बाईंनी पाण्याच्या पेल्यात आंबील ओतून घेतली. ताक, लसूण, ज्वारीचं पीठ. आंबट, गार, सुरेख होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा येळवशीचं जेवण त्यांच्यासाठी कुणी आणलं होतं, आणि आणणाऱ्यांना त्यांनी हाकलून लावलं होतं. त्या खात होत्या आणि रडत होत्या. दोन्ही थांबवता येईना.

शुक्रवारी सकाळी फाटकातच निटुरे सर भेटले. अध्यक्षांचा काल संध्याकाळी नांदेडहून फोन आला होता. अहवालात 'विद्यार्थ्यांकडून गरज दिसून आली नाही' असं जाणार होतं. "मी बी थांबायला पायजे हुतं, बाई," सर म्हणाले आणि नजर चुकवून आत गेले. बाई खोलीकडं निघाल्या. आज वर्गात कुणी येणार नाही हे त्या धरूनच चालल्या होत्या. आलेच तर माफी मागायची, एवढं मात्र रात्री ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. आत सगळे होते. बावीसच्या बावीस, आणि वर गेल्या वर्षी पास होऊन दुसऱ्या वर्षाला गेलेली सात-आठ पोरं मागच्या बाकावर दाटीवाटीनं. केस विंचरलेले, इस्त्रीचे शर्ट, वह्यांना नवीन कव्हरं. कालचे डबे कुणीतरी घासून कोपऱ्यात रचून ठेवले होते. बाई आत आल्या तशी सगळी उभी राहिली.

"काल मी फार वाईट बोलले," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

"आमचं चुकलं," संगप्पा म्हणाला.

मग ऋतुजा पुढं झाली. रात्रभर तिनं ते घोकलं असावं, कारण ती एका दमात बोलली. "मॅडम, साहेब लोक आज नांदेडलाच हायेत. लांब न्हाई. तुमी फोन केला तर येतेत का? आज आमी समदे हावोत. समदे. त्यांनी कधी बी यावं, आमी हितंच बसतो, घरी जात न्हाई."

पोरं बाईंकडं बघत होती. थाप मारणं सोपं होतं. बघते, करते फोन, असं म्हटलं असतं तर त्या दिवसापुरतं भागलं असतं. पण या खोलीत त्यांनी सहा वर्षं पोरांना न येणारं येत नाही म्हणायला शिकवलं होतं.

"नाही येणार, ऋतुजा. त्यांनी लिहून टाकलंय. मार्चपर्यंत आपला वर्ग आहे, मग नाही."

ऋतुजा जागेवर जाऊन बसली. तिनं वही उघडली, आणि पुन्हा मान वर केली.

"माझी धाकटी बहीण जूनमधी हितं येनार हाय, फर्स्ट इयरला. तिला अपूर्णांक येत न्हाईत, मॅडम. म्या तिला सांगितलं हुतं, भिऊ नको, तिथं सकाळचा वर्ग असतोय. आता तिला काय सांगू?"

बाईंनी खडू उचलला. फळ्याकडं वळल्या, आणि त्यांना काही लिहिता येईना. मागं पोरं वह्या उघडून थांबली होती.